शिकागोची स्कायलाईन कशी घडली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या उंच इमारतींबद्दल विचारणाऱ्यांना बहुधा मजले, मीटर आणि विक्रम जाणून घ्यायचे असतात. ते सगळं खाली आहेच. पण या शहराची आकाशरेषा ठरवणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी जमिनीवर आणि जमिनीखाली सापडतात: मऊ चिकणमाती, जागेचे भाव, नगर परिषदेचे ठराव, एका व्यापाऱ्याने वीस वर्षं लढवलेले खटले. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, आणि ती मुद्दामच लांबू दिली आहेत.

जगातली पहिली गगनचुंबी इमारत शिकागोत उभी राहिली, हे खरं आहे का?

हा मान बहुतेक वेळा होम इन्शुरन्स बिल्डिंगला दिला जातो. विल्यम ल बॅरन जेनी यांनी आखलेली ही दहा मजली, सुमारे ४२ मीटर उंचीची इमारत १८८५ साली पूर्ण झाली. १८९१ मध्ये तिच्यावर आणखी दोन मजले चढले. न्यूयॉर्कमध्ये याहून उंच इमारती १८७० च्या दशकातच झाल्या होत्या, पण त्या जाड भिंतींच्या जोरावर उभ्या होत्या. जेनींनी मजल्यांचं बरंचसं वजन लोखंडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर टाकलं, आणि वरच्या मजल्यांच्या तुळयांसाठी त्या काळी नवं असलेलं पोलाद वापरलं. भिंतीवरचा भार असा कमी झाला की ती पातळ करता येते आणि खिडक्या मोठ्या होतात.

अभ्यासकांचा वाद इथेच आहे. या इमारतीत दगडविटांच्या काही भिंती आणि खालचे दगडी खांबही वजन पेलत होते, म्हणजे सांगाडा पूर्ण स्वतंत्र नव्हता. माझ्या मते ‘पहिली’ हा किताब कुणाला द्यायचा यावर फार वेळ घालवू नये. १८८२ ते १८९५ या तेरा वर्षांत शिकागोच्या मोजक्या रस्त्यांवर एकामागून एक प्रयोग झाले आणि उंच इमारत कशी बांधायची ते त्या सर्वांतून मिळून ठरलं.

जेनींना ही कल्पना पक्ष्याच्या पिंजऱ्यावरून सुचली का?

त्यांच्या पत्नीने पिंजऱ्यावर जाड पुस्तक ठेवलं आणि तारांनी ते पेललं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिची गरज नाही. जेनी पॅरिसच्या एकोल सांत्रालमध्ये शिकलेले इंजिनिअर होते. आयफेल टॉवरचे कर्ते आयफेल त्यांच्या एक वर्ष आधी तिथूनच बाहेर पडले. अमेरिकन यादवी युद्धात जेनींनी सैन्यासाठी इंजिनिअर म्हणून काम केलं होतं. लोखंड किती भार घेतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

१८७१ च्या आगीमुळे उंच इमारती आल्या का?

थेट नाही. ऑक्टोबर १८७१ मधल्या आगीत सुमारे ३०० माणसं गेली, एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले आणि व्यापारी भाग जवळजवळ पूर्ण जळाला. पण लगेच जे बांधलं गेलं ते चार-पाच मजल्यांचंच होतं. आगीने दुसऱ्या दोन गोष्टी केल्या. देशभरातले तरुण वास्तुविशारद कामाच्या शोधात इथे आले, आणि उघडं लोखंड आगीत वितळतं, वाकतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे पुढे लोखंडी सांगाड्याभोवती भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांचं आवरण देण्याची पद्धत रुळली.

उंचीची खरी ओढ लागली ती दहा वर्षांनी, जागेच्या भावामुळे. एका बाजूला सरोवर, उत्तरेला आणि पश्चिमेला नदी, दक्षिणेला रेल्वेची यार्डं. मधला जो चौकोन उरला तोच आजचा ‘लूप’. १८७० साली तीन लाखांच्या आत असलेली लोकसंख्या १८९० साली अकरा लाखांच्या घरात गेली. धान्याचा, मांसाचा, लाकडाचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाला कचेरी त्याच चौकोनात हवी होती. लिफ्टमुळे वरच्या मजल्यांनाही चांगलं भाडं मिळू लागलं. पैसा मात्र बराचसा बाहेरचा होता. माँटॉक आणि मोनॅडनॉक या दोन महत्त्वाच्या इमारतींमागे बोस्टनचे ब्रुक्स बंधू होते, आणि नक्षीकामावर खर्च नको असा त्यांचा आग्रह असे. शिकागोच्या साध्या, ताठ इमारतींमागे या हिशेबी मालकांचाही हात आहे.

शिकागोची जमीन मऊ आहे. मग एवढं वजन पेललं कसं?

माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच.

शिकागो पाणथळ जागेवर वसलं. वरच्या थरात भराव आणि मऊ, ओलसर चिकणमाती, आणि पक्का कातळ लागतो तो तीसेक मीटर खाली. दहा मजल्यांचं वजन अशा मातीवर नुसतं ठेवलं तर इमारत बुडणार हे नक्की. १८८२ च्या माँटॉकसाठी वास्तुविशारद जॉन रूट यांनी रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून, काँक्रीटमध्ये गाडून रुंद पाया केला. भार मोठ्या क्षेत्रावर पसरला, पाया उथळ राहिला आणि तळघराची जागाही वाचली. ही पद्धत लगेच लोकप्रिय झाली.

पण ती इमारत मातीवर तरंगतच राहायची. इमारत काही इंच खचणार हे गृहीतच असे, आणि तेवढी ती आधीच उंच बांधत. मोनॅडनॉक (१८९१) खचेल म्हणून ठरलेल्या पातळीपेक्षा आठ इंच वर बांधली होती, पण ती थांबली नाही. पुढच्या काही दशकांत ती जवळजवळ वीस इंच उतरली आणि आत शिरायला रस्त्यावरून पायरी उतरावी लागू लागली. वास्तुविशारद ॲडलर आणि सलिव्हन यांचं ऑडिटोरियम (१८८९) तर काही ठिकाणी दोन फुटांहून अधिक खचलं. मधला जड मनोरा जास्त बसला, बाजूचे भाग कमी, त्यामुळे आतल्या जमिनींना उतार आला.

बदल झाला १८९४ मध्ये, स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीपाशी. शेजारी एका वृत्तपत्राची छपाईयंत्रं होती. जमिनीत खांब ठोकले असते तर त्या हादऱ्यांनी यंत्रं बंद पडली असती. म्हणून त्या बाजूला ठोकाठोक न करता माणसांनी हाताने खोल गोल खड्डे खणले, कडेला लाकडी फळ्या लावत खाली गेले आणि ते काँक्रीटने भरले. पुढे असेच खड्डे थेट कातळापर्यंत नेऊ लागले. ते ‘शिकागो केसन’ या नावाने ओळखले जातात. शेजाऱ्याची गैरसोय टाळण्यासाठी काढलेली ही युक्ती नसती, तर शिकागोची आकाशरेषा वीसेक मजल्यांवर अडून बसली असती असं मला वाटतं. १९७० च्या दशकातला सिअर्स टॉवरही कातळात रोवलेल्या अशा ११४ खांबांवर उभा आहे. हे काम आजही जोखमीचं आहे. जॉन हँकॉक सेंटर बांधताना १९६६ मध्ये एका केसनच्या काँक्रीटमध्ये पोकळी सापडली आणि काम थांबवून पाये तपासावे लागले होते.

मोनॅडनॉक बघायला एवढे लोक का जातात?

कारण एकाच इमारतीत दोन युगं आहेत. उत्तरेचा अर्धा भाग सोळा मजली आणि सगळा विटांच्या भिंतींवर उभा आहे. तळाशी या भिंती सुमारे १.८ मीटर जाड आहेत. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, जोडलेल्या दक्षिणेच्या भागात पोलादी सांगाडा आहे. फुटपाथवरून चालत गेलं तरी खिडक्यांची खोली बदलताना दिसते. विटांच्या भिंतीने याहून उंच जाणं परवडणार नव्हतं, कारण तळमजल्याची भाड्याने देण्यासारखी जागा भिंतच खात होती.

विवेकानंद १८९३ मध्ये गेले तेव्हा शहर कसं दिसत होतं?

सर्वधर्म परिषद भरली ती मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारतीत, जिथे आता आर्ट इन्स्टिट्यूट आहे. तिथून पश्चिमेकडे बघणाऱ्याला धुराने काळवंडलेल्या, सपाट माथ्याच्या इमारतींची दाटी दिसली असती. ऑडिटोरियमचा मनोरा त्यांच्यात उठून दिसे. स्टेट स्ट्रीटवर एक वर्ष आधी झालेलं मेसॉनिक टेंपल होतं: २१ मजले, ९२ मीटर, तेव्हाच्या शहरातल्या सर्वात उंच इमारतींपैकी एक. त्याच वर्षी सरोवराकाठी भरलेलं जागतिक प्रदर्शन मात्र पांढऱ्या, रोमन थाटाच्या ठेंगण्या दालनांचं होतं. बघायला आलेले लाखो लोक त्या दालनांवर भाळले. पण टिकणारं काम लूपमध्ये चाललं होतं.

शिकागोत उंचीवर खरंच बंदी होती?

होती, आणि ती वारंवार बदलली. रस्ते अंधारे होतील, आग लागली तर विझवता येणार नाही, कचेऱ्या गरजेपेक्षा जास्त होऊन भाडी पडतील, अशा भीतीने १८९३ मध्ये १३० फुटांची, म्हणजे सुमारे ४० मीटरची मर्यादा आली. १९०२ मध्ये ती २६० फुटांवर गेली, १९११ मध्ये पुन्हा २०० फुटांवर आली. मिशिगन अव्हेन्यूवर जुन्या इमारतींचे माथे एका ओळीत कापल्यासारखे दिसतात, त्याचं कारण हे ठराव.

१९२३ च्या नियमाने चित्र पालटलं. ठरावीक उंचीनंतर इमारतीचा थोडाच भाग मनोऱ्यासारखा वर नेण्याची मुभा मिळाली. खाली रुंद बैठक, वर निमुळता मनोरा हा १९२० च्या दशकातला आकार वास्तुविशारदांच्या आवडीइतकाच या नियमाचाही आहे. १९३० चं बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे धान्याच्या सौद्यांच्या बाजाराची इमारत, त्याचा उत्तम नमुना. १८४ मीटर उंचीच्या या इमारतीवर धान्यदेवता सेरीसचा पुतळा आहे आणि त्याला चेहराच नाही. एवढ्या उंचीवर चेहरा बघायला कोण येणार, असा तेव्हाचा विचार होता. पस्तीस वर्षांनी त्याहून उंच इमारत झाली, आणि आज आजूबाजूच्या कित्येक कचेऱ्यांतून तो पुतळा समोरासमोर दिसतो.

ट्रिब्यून टॉवरच्या स्पर्धेचं एवढं नाव का?

शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राने १९२२ मध्ये आपल्या इमारतीसाठी जगभरातून आराखडे मागवले. पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर. अडीचशेहून अधिक आराखडे आले. बक्षीस मिळालं हॉवेल्स आणि हूड यांच्या गॉथिक धाटणीच्या आराखड्याला, आणि इमारत १९२५ मध्ये झाली. पण पुढच्या पिढीने गिरवला तो दुसरा आलेला, फिनलंडच्या एलिएल सारिनेन यांचा आराखडा: वर जाता जाता टप्प्याटप्प्याने मागे सरकणारा, वरून काहीही न चिकटवलेला. स्पर्धेत दुसरा आलेला कागद शहरं बदलून टाकतो, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१९३० नंतर वीस वर्षं काहीच का बांधलं गेलं नाही?

आधी मंदी, मग युद्ध. १९३४ ला पूर्ण झालेली फील्ड बिल्डिंग ही त्या आधीच्या पर्वातली शेवटची मोठी इमारत. ती उभी आहे होम इन्शुरन्स बिल्डिंगच्या जागेवर, जी १९३१ मध्ये पाडली गेली. पुढची मोठी कचेरी-इमारत, ४१ मजली प्रुडेन्शियल, १९५५ मध्ये रेल्वेमार्गांच्या डोक्यावरची जागा विकत घेऊन बांधली गेली.

या मधल्या काळात जर्मनीहून आलेले वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे १९३८ पासून शिकागोत शिकवत होते. १९५१ मधले त्यांचे लेक शोअर ड्राइव्हवरचे २६ मजली जुळे टॉवर, पोलाद आणि काचेचे, पुढे जगभरच्या काचेच्या इमारतींचा नमुना ठरले. त्यांची असंख्य निर्जीव अनुकरणं झाली, त्याचा दोष मूळ कामाला देऊ नये. तिथली मापं फार जपून बेतलेली आहेत.

फजलुर रहमान खान यांनी नेमकं काय केलं?

ढाक्यात १९२९ साली जन्मलेले इंजिनिअर खान शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि ढाक्यात शिकले. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात गेले, आणि तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट घेऊन १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेत रुजू झाले.

त्यांच्यासमोरचं कोडं असं. इमारत उंच होत जाते तसा तिचा खरा शत्रू वजन नसून वारा असतो. जुन्या पद्धतीत खांब-तुळयांची जाळी इमारतभर पसरलेली असे, आणि वाऱ्याला तोंड द्यायचं तर प्रत्येक सांधा जाडजूड करावा लागे. चाळीसएक मजल्यांनंतर पोलादाचा खर्च भाड्यातून निघेनासा होई. खानांनी वारा पेलण्याचं काम बाहेरच्या कडेवर टाकलं. खांब कडेने जवळजवळ लावले, तुळयांनी घट्ट जोडले, आणि सगळी इमारत जमिनीत रोवलेल्या पोकळ नळीसारखी वागू लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यात ड्यूविट-चेस्टनट या निवासी इमारतीत त्यांनी हे प्रथम करून दाखवलं.

मग १९६९ मध्ये जॉन हँकॉक सेंटर: शंभर मजले, ३४४ मीटर, आणि बाहेरून ठसठशीत दिसणाऱ्या तिरप्या पट्ट्या. त्या सजावटीच्या नाहीत. वाऱ्याचा जोर त्यांच्यातून चारही बाजूंना वाटला जातो. एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं, हँकॉकला सुमारे १४५ किलो पुरलं. हा आकडा मला कुठल्याही उंचीच्या विक्रमापेक्षा मोठा वाटतो, कारण त्याने उंच इमारत परवडण्याजोगी केली. खाली दुकानं, त्यावर वाहनतळ, मग कचेऱ्या आणि ४४ व्या मजल्यापासून वर घरं, अशी ही आखणी त्यांचे सहकारी वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्यासोबत झाली.

१९७१ च्या मुक्तियुद्धात खान शिकागोत राहून बांगलादेशासाठी मदत उभी करत होते. १९८२ मध्ये, ५२ व्या वर्षी, जेद्दामध्ये त्यांचं निधन झालं. सिअर्स टॉवरच्या कोपऱ्यावरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. दक्षिण आशियातल्या प्रत्येक वाचकाला हे नाव माहीत असायला हवं, आणि शाळेच्या पुस्तकात ते आपल्याला भेटत नाही याची खंत वाटते.

सिअर्स टॉवर वर जाता जाता तुकड्यातुकड्याने का कमी होतो?

तो एक टॉवर नाहीच. प्रत्येकी ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या तीन-तीनच्या ओळीत एकमेकींना बांधल्या आहेत. पन्नासाव्या मजल्यापर्यंत नऊच्या नऊ, तिथे दोन संपतात, ६६ वर आणखी दोन, ९० वर तीन. उरलेल्या दोन शेवटपर्यंत जातात. खालच्या प्रशस्त मजल्यांवर सिअर्स कंपनीचे हजारो कर्मचारी बसायचे होते, वरचे लहान मजले भाड्याने द्यायचे होते. ११० मजली, ४४२ मीटरची ही इमारत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९८ पर्यंत जगात सर्वात उंच होती. कंपनी १९९० च्या दशकात उपनगरात गेली आणि २००९ मध्ये नाव विलिस टॉवर झालं. गावातले लोक अजून सिअर्सच म्हणतात.

या इमारती वाऱ्याने हलतात का?

हलतात, आणि हलायलाच हव्यात. धोका हलण्याचा नसून वाऱ्याच्या भोवऱ्यांची लय इमारतीच्या लयीशी जुळण्याचा असतो. वास्तुविशारद जीन गँग यांच्या ‘ॲक्वा’ इमारतीच्या (२००९) लाटांसारख्या बाल्कन्या वाऱ्याची सरळ धार मोडतात. त्यांच्याच सेंट रेजिस टॉवरमध्ये (२०२०) ८३ वा मजला वारा आरपार जावा म्हणून उघडा ठेवला आहे.

सरोवराचा काठ मोकळा कसा राहिला?

१८३६ च्या एका नकाशावर तिथे नोंद होती: ही जागा सदैव मोकळी, इमारतींविना राहावी. टपालाने माल विकणारे व्यापारी ॲरन माँटगोमरी वॉर्ड यांनी त्या ओळीचा आधार घेऊन १८९० पासून नगरपालिकेविरुद्ध एकामागून एक खटले भरले. १९११ पर्यंत ते लढत राहिले आणि जिंकले. वर्तमानपत्रांनी त्यांना प्रगतीचे वैरी ठरवलं. ग्रँट पार्क आज मोकळं आहे म्हणूनच मिशिगन अव्हेन्यूवरची सलग रांग दुरून एका नजरेत दिसते. वास्तुविशारद वा इंजिनिअर नसलेल्यांत स्कायलाईनवर सर्वात मोठं ऋण या माणसाचं आहे.

जुन्या इमारतींपैकी काय उरलं?

रुकरी, मोनॅडनॉक, ऑडिटोरियम, रिलायन्स (ज्यात आता हॉटेल आहे) उरल्या. माँटॉक १९०२ मध्ये गेली, मेसॉनिक टेंपल १९३९ मध्ये. सलिव्हन यांचं गॅरिक थिएटर १९६१ मध्ये पाडलं आणि तिथे गाड्या लावायला इमारत झाली. १९७२ मध्ये स्टॉक एक्स्चेंज पाडली जात असताना छायाचित्रकार रिचर्ड निकेल तिच्यातली नक्षी वाचवायला आत गेले आणि ढिगाऱ्याखाली मरण पावले. केसनचा पहिला प्रयोग झालेली इमारत हीच. तिचं सौदे करण्याचं दालन आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारलेलं आहे आणि प्रवेशकमान बाहेर, रस्त्यावर. पाडापाडीवर जी ओरड झाली तिच्यातूनच शहरातली जतनाची चळवळ बळावली, पण उशिरा.

पक्ष्यांचं काय होतं?

शिकागो स्थलांतराच्या मोठ्या मार्गावर आहे. रात्रीचा प्रकाश पक्ष्यांना ओढतो, काच त्यांना दिसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-संकुलाच्या एकाच इमारतीवर आदळून एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी मेले. ती इमारत उंचही नाही, नुसती काचेची आहे. पुढच्या वर्षी तिच्या काचांवर ठिपक्यांचं आवरण बसवलं. स्थलांतराच्या दिवसांत उंच इमारतींचे दिवे मंद करण्याचा उपक्रम १९९५ पासून चालू आहे, पण तो ऐच्छिक आहे. तो सक्तीचा व्हायला हवा.

आज सर्वात उंच कोणत्या?

विलिस (४४२ मीटर), ट्रम्प टॉवर (४२३), सेंट रेजिस (सुमारे ३६३), एऑन सेंटर (३४६) आणि हँकॉक (३४४; २०१८ पासून तिचं अधिकृत नाव ८७५ नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू). एऑनला सुरुवातीला इटलीतल्या कर्रारा संगमरवराच्या पातळ फरश्या होत्या. शिकागोच्या कडक हिवाळ्यांत त्या बाकदार झाल्या, आणि १९९० च्या सुमारास सगळ्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला.

एकच दिवस असेल तर काय बघावं?

सकाळी ॲडलर प्लॅनेटेरियमच्या टोकावर जा, तिथून सगळी रांग पाण्यापलीकडे दिसते. मग लूपमध्ये पायी फिरा: रुकरीचा काचेच्या छताचा चौक, मोनॅडनॉकच्या दोन्ही बाजू, बोर्ड ऑफ ट्रेड. दुपारी नदीतली बोट घ्या, कारण १९२० च्या दशकातल्या इमारती नदीवरून नीट दिसतात. विलिसच्या १०३ व्या मजल्यावर काचेच्या सज्जांसाठी रांग लागते, वेळ कमी असेल तर ते सोडून हँकॉकच्या पायथ्याशी जाऊन त्या तिरप्या पट्ट्या जवळून बघा.